पहिला डीएसएलआर घेताना लेन्सचा हिशेब आधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोजक्या पैशांत पहिला डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घेऊ पाहणाऱ्यांसाठी आपल्या पुरवणीत प्रसिद्ध झालेला लेख वाचला. लेखातील माहितीबद्दल माझी तक्रार नाही. मात्र सोबतच्या तुलनात्मक तक्त्यात मेगापिक्सेल, आयएसओची (प्रकाशाबाबतच्या संवेदनशीलतेची) कमाल मर्यादा आणि सेकंदाला निघणारे फोटो एवढेच रकाने आहेत, आणि नेमक्या याच बाबतींत या श्रेणीतील कॅमेऱ्यांमध्ये फारसे डावे-उजवे करता येत नाही. जिथे खरा फरक पडतो, तो भाग तक्त्याबाहेरच राहिला आहे, म्हणून हे पत्र.

मेगापिक्सेलचेच घ्या. १८ मेगापिक्सेलचा कॅमेरा ५१८४ पिक्सेल रुंदीचे चित्र देतो, तर २४ मेगापिक्सेलचा ६००० पिक्सेलचे. म्हणजे आकडा एक-तृतीयांशाने वाढला तरी चित्राची रुंदी जेमतेम सोळा टक्क्यांनी वाढते. इंचाला ३०० ठिपके या दराने छापले तर पहिल्यातून सव्वासतरा इंच रुंद आणि दुसऱ्यातून वीस इंच रुंद प्रत निघेल. इतक्या मोठ्या प्रती नवशिक्या छायाचित्रकार वर्षातून किती काढतो, हे ज्याचे त्याने ठरवावे. निकॉन डी३५०० आणि कॅनन १५००डी हे दोन्ही कॅमेरे २०१८ मध्ये आले आणि दोन्ही २४ मेगापिक्सेलचे आहेत. सावलीतला भाग नंतर संगणकावर उजळवायचा असेल तर निकॉनचा सेन्सर (चित्र टिपणारी चिप) सरस ठरतो, हे मान्य. पण एरवी दोहोंचे फोटो शेजारी ठेवले तर कोणता कशाने काढला हे सांगताना जाणकारही अडखळेल.

फरक पडतो तो लेन्सने. बॉडीबरोबर, म्हणजे लेन्सविना कॅमेऱ्याबरोबर, मिळणारी १८–५५ मिमीची किट लेन्स ५५ मिमीला एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे तोंड, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठे). तिच्याऐवजी एफ/१.८ची लेन्स लावली तर सेन्सरवर सुमारे साडेनऊ पट प्रकाश पडतो. सायंकाळी घरात मुलाचा फोटो काढताना एकीकडे आयएसओ ३२०० वर न्यावा लागतो आणि चित्र दाणेदार होते, तर दुसरीकडे तेच काम ४०० च्या आसपास भागते. बॉडी एक पायरी वरची घेऊन एवढा लाभ कधीच पदरात पडत नाही. म्हणून हाती असलेली रक्कम सगळीच्या सगळी बॉडीवर न घालवता, तिचा एक भाग आरंभीच एका प्राइम (झूम नसलेल्या) लेन्ससाठी वेगळा काढून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त ५० मिमीची लेन्स स्वस्त मिळते म्हणून डोळे झाकून घेऊ नये. या कॅमेऱ्यांच्या लहान, एपीएस-सी आकाराच्या सेन्सरवर ती, जुन्या फिल्मच्या चौकटीच्या हिशेबात, निकॉनमध्ये ७५ आणि कॅननमध्ये ८० मिमीसारखी वागते. चेहऱ्यांसाठी ती उत्तम, पण लहान खोलीत मागे सरकायला भिंत आडवी येते. निकॉनची डीएक्स (एपीएस-सीसाठीच्या) श्रेणीतील ३५ मिमी एफ/१.८ या बाबतीत अधिक सोयीची आहे. कॅननकडे त्या तोडीची २४ मिमीची छोटी लेन्स आहे, पण ती एफ/२.८ची.

आता तक्त्यात हमखास हवा होता तो रकाना. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० या मालिकांतील बॉडींमध्ये ऑटोफोकसची (आपोआप फोकस साधणारी) मोटर नसते. लेन्स जिथे बसते त्या धातूच्या कड्याकडे नीट पाहिले तर वरच्या श्रेणीतील बॉडीवर स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकासारखा एक बारीक दांडा दिसतो. डी३५०० वर तो नाही. परिणामी एएफ-डी प्रकारची, म्हणजे बॉडीतल्या मोटरवर अवलंबून असलेली, जुनी, स्वस्त आणि चांगली लेन्स त्यावर बसते, फोटोही निघतो, पण फोकसचे कडे हाताने फिरवत व्ह्यूफाइंडरमधला (डोळा लावून पाहायच्या खिडकीतला) हिरवा ठिपका पेटण्याची वाट पाहावी लागते. पळणाऱ्या मुलामागे हे जमत नाही. उलट, निकॉनच्या नव्या, स्वतःची मोटर असलेल्या एएफ-पी लेन्स डी९० किंवा डी७००० सारख्या जुन्या बॉडींवर फोकसच करू शकत नाहीत. कॅननने १९८७ साली ईएफ माउंट (लेन्स बसवायची जोडणी) आणतानाच मोटर लेन्समध्ये ठेवली, त्यामुळे तिथे हा घोळ नाही. सेकंडहँड लेन्सवर भिस्त असेल त्याच्यासाठी कॅननच्या बाजूने हा एकच मुद्दा पुरेसा आहे.

सेकंडहँडचा विषय निघालाच आहे तर आणखी एक पर्याय सुचवतो. २०१३ चा निकॉन डी७१०० हा डी३५०० पेक्षा पाच वर्षांनी जुना. पण मेगापिक्सेल जवळपास तेवढेच, फोकसचे बिंदू ११ ऐवजी ५१, बॉडीत मोटर, दोन डायल, आणि ९५ ऐवजी १०० टक्के चौकट दाखवणारा काचेच्या प्रिझमचा मोठा, उजळ व्ह्यूफाइंडर. दोन डायल ही चैन नाही. शटर आणि अ‍ॅपर्चर दोन बोटांनी एकाच वेळी बदलता आले की शिकणारा ऑटो मोड लवकर सोडतो. वजन मात्र बॅटरीविना पावणेसातशे ग्रॅम, म्हणजे डी३५०० च्या पावणेदोन पटींहून अधिक, आणि प्रवासात कॅमेरा घरीच राहण्याचे ते एक मोठे कारण ठरू शकते. ज्यांना हलकी बॉडीच हवी आणि स्क्रीनवर पाहून व्हिडिओही काढायचे आहेत, त्यांनी कॅनन २००डी पाहावा. स्क्रीनवरून फोकस करण्यात तो १५००डी पेक्षा फार पुढे आहे. हाच कॅमेरा अमेरिकेत रिबेल एसएल२ आणि जपानमध्ये किस एक्स९ या नावांनी विकला गेला, हे जुन्या मालाच्या जाहिराती चाळताना ध्यानात ठेवावे.

वापरलेली वस्तू घेताना विक्रेत्यासमोरच तपासणी करण्यात संकोच कसला? लेन्स दोन्ही टोपणे काढून टॉर्चसमोर धरावी. आत कोळिष्टकासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, आणि मग कितीही स्वस्त असली तरी ती परत द्यावी. अ‍ॅपर्चर एफ/१६ वर ठेवून कोऱ्या भिंतीचा फोटो काढला की सेन्सरवरचे डाग उघडे पडतात. निकॉनच्या मूळ फाइलमध्ये शटर किती वेळा उघडले त्याची नोंद असते. कॅननच्या बहुतेक बॉडींत ती इतकी सहज सापडत नाही.

मिररलेसच्या (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या) काळात डीएसएलआर घ्यावाच कशाला, हा आक्षेप गैरलागू नाही. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०१८ मध्ये नवे मिररलेस माउंट आणले आणि त्यानंतर त्यांचे लक्ष तिकडेच वळले. पण त्यामुळेच जुन्या माउंटच्या लेन्स मोठ्या संख्येने विक्रीला येत आहेत, आणि कमी पैशांत शिकणाऱ्याला त्याचा फायदाच आहे. पुढे मिररलेस घ्यायचे ठरले तरी ईएफ लेन्स कॅननच्या अ‍ॅडॉप्टरवर (जुनी लेन्स नव्या माउंटला जोडणाऱ्या कड्यावर) ऑटोफोकससह चालतात. निकॉनचे एफटीझेड अ‍ॅडॉप्टर एएफ-एस (मोटर आतच असलेल्या) लेन्सचा ऑटोफोकस चालवते, परंतु त्यात मोटर नसल्याने एएफ-डी लेन्स तिथेही हातानेच फोकस करावी लागते. तेव्हा निकॉन घेणाऱ्याने, बॉडी डी७१०० असली तरीही, शक्यतो एएफ-एस लेन्सच घ्याव्यात.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक