साहेब, तीन वार झाल्यावर माल कोणाचा?

प्रति,
माननीय ग्राहक व्यवहार मंत्री,
भारत सरकार, कृषी भवन, नवी दिल्ली

साहेब, सप्रेम नमस्कार. ऑनलाइन लिलावात बोली जिंकून पैसे भरले तरी विक्रेता फिरला, त्याबद्दल हे पत्र.

मी मिरजेचा. वय ६१, सरकारी नोकरीतनं रिटायर, आणि जुन्या तबकड्यांचा नाद. तबकड्या म्हणजे त्या लाखेच्या, ७८ च्या स्पीडच्या, कर्ण्याच्या फोनोवर वाजवायच्या, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं गाणं. आमची मंडळी याला नाद म्हणत नाहीत, दुसरा शब्द वापरतात, तो मंत्र्यांच्या पत्रात नको.

गेल्या वर्षी एका ऑनलाइन लिलावाच्या साइटवर २२ तबकड्यांचा लॉट आला. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई, आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या तीन. आता मिरजेच्या माणसाला खाँसाहेबांबद्दल वेगळं सांगायला लागत नाही, त्यांची कबर इथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे, दरवर्षी उरुसात तिथं गाण्याची सभा होते, मी लहानपणापासनं जाऊन बसतो. म्हटलं हा लॉट सोडायचा नाही.

बोली लावायच्या आधी साइटनं माझ्याकडनं २,००० रुपये इसार घेतला. का, तर मी जिंकून पळून गेलो तर? बरोबर आहे, घ्या. अटीत लिहिलेलं होतं की जिंकल्यावर ४८ तासांत पैसे भरले नाहीत तर इसार जप्त आणि खातं बंद. तेही मान्य. रविवारी रात्री ९ ला लिलाव संपणार होता पण शेवटच्या दोन मिनिटांत कुणी बोली टाकली की घड्याळ परत दोन मिनिटं पुढं जातं, तसं करत करत सव्वानऊ वाजले, मी ११,००० ला थांबायचं ठरवून बसलो होतो आणि समोरचा कोण होता देव जाणे पण तोही इरेला पेटलेला, शेवटी १४,६०० ला घड्याळ शून्यावर आलं आणि स्क्रीनवर हिरवी पट्टी, अभिनंदन, हा लॉट तुमचा झाला. वीस मिनिटांत यूपीआयनं पैसे भरले. घरात खरा आकडा सांगितला नाही, ते वेगळं.

चौथ्या दिवशी मेसेज. विक्रेत्याने ऑर्डर रद्द केली आहे, कारण माल उपलब्ध नाही, तुमचे पैसे परत जमा होतील. चॅटवर विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला काका सॉरी, पॅकिंग करताना पेटी हातातनं पडली, सगळ्या फुटल्या. लाखेची तबकडी फुटते साहेब, काचेसारखी फुटते, म्हणून मी विश्वास ठेवला, वर त्यालाच धीर दिला की असू दे, होतं असं. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

सतरा दिवसांनी दुसऱ्या साइटवर तोच लॉट. २२ तबकड्या, लिलाव नाही, सरळ फिक्स किंमत ३८,०००. तेच फोटो. सातव्या तबकडीच्या कडेची नखाएवढी कपची उडालेली तशीच, खाँसाहेबांच्या एका लेबलवर कुणीतरी निळ्या शाईनं ४१ नंबर टाकलेला तो पण तसाच. फुटलेल्या तबकड्या आपोआप सांधल्या गेल्या म्हणायचं आणि भाव पण अडीच पटीच्या वर!

साइटकडे तक्रार केली. उत्तर आलं की आम्ही फक्त मध्यस्थ आहोत, विक्रेत्यावर योग्य ती कारवाई करू, आणि झालेल्या गैरसोयीबद्दल २०० रुपयांचं कूपन, १५ दिवस चालेल. मी ते वापरलं नाही. त्याच साइटवर परत बोली लावायला कूपन!

आता मुद्दा. पैसे परत मिळाले ना मग तक्रार कसली, असं मला चार जणांनी विचारलं, त्यात एक वकील होते. हाच प्रश्न मला तुमच्यासमोर ठेवायचाय. मी माघार घेतली असती तर माझे २,००० गेले असते आणि खातं बंद झालं असतं. त्यानं माघार घेतली तर त्याचं काय गेलं? काहीच नाही. उलट माझ्या आणि त्या दुसऱ्या माणसाच्या बोलीतनं त्याला फुकटात कळलं की मालाला गिऱ्हाईक किती तापलंय, आणि त्या माहितीवर त्यानं पुढचा भाव लावला. म्हणजे लिलाव आम्ही खेळलो आणि तो नुसता भाव काढून गेला.

आमच्या सांगलीत हळदीचे सौदे निघतात. तिथं शेतकऱ्याला बोलीचा भाव पटला नाही तर तो तिथल्या तिथं नाही म्हणू शकतो, आणि ते योग्यच आहे, माल त्याचा आहे. पण एकदा हो म्हणून सौदा झाला आणि मग कुणी फिरला, शेतकरी असो नाहीतर व्यापारी, तर पेठेत त्याचं नाव खराब होतं. गणपतीत आमच्या गल्लीत शेवटच्या दिवशी नारळाचा लिलाव असतो, एक वार, दोन वार, तीन वार, त्यानंतर मंडळाच्या अध्यक्षाची सुद्धा टाप नाही म्हणायची की थांबा, नारळ दुसऱ्याला जास्तीत देतो.

आणि ही नुसती गल्लीतली रीत नाही, कायदा पण हेच म्हणतो. १९३० च्या माल विक्री कायद्यात कलम ६४ आहे, लिलाव करणाऱ्यानं हातोडा आपटून किंवा रूढ असलेल्या दुसऱ्या पद्धतीनं जाहीर केलं की विक्री पूर्ण झाली, तोपर्यंत बोली लावणारा आपली बोली मागं घेऊ शकतो. किमान किंमत ठेवायची असेल तर विक्रेत्यानं ती आधी ठेवावी, स्वतः किंवा आपल्या माणसाकडनं बोली लावायची असेल तर ते आधी सांगावं, न सांगता लावली तर घेणाऱ्याला ती विक्री फसवणूक म्हणून धरता येते. १९३० साली लिहिणाऱ्यानं सगळं बघून ठेवलंय. फक्त त्याला सर्व्हरचं घड्याळ माहीत नव्हतं. घड्याळ शून्यावर आलं आणि हिरवी पट्टी आली म्हणजे हातोडा पडला का, हे एका ओळीत स्पष्ट करायला काय लागतं?

तुमच्या खात्याचे २०२० चे ई-कॉमर्स नियम मी वाचले, मुलीनं प्रिंट काढून दिली. चांगले आहेत, खरंच. तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची, महिन्याभरात निकाल लावायचा. त्यात एक फार छान कलम आहे, साइटची कंपनी स्वतः एकतर्फी ऑर्डर रद्द करते तेव्हा तिला तसाच भुर्दंड बसत नसेल तर तिनं ग्राहकाकडनं पण कॅन्सलेशन चार्ज घ्यायचा नाही. म्हणजे दोन्ही पारडी सारखी हवीत हे तुमच्या खात्याला पटलेलं आहे. पण ते कंपनीबद्दल झालं, साइटवरच्या विक्रेत्यानं रद्द केलं तर? तसंच, कॉपीराइट नाहीतर ट्रेडमार्कच्या भानगडीत ज्याचा माल काढून टाकला तोच विक्रेता परत परत तसला माल आणत असेल तर साइटनं त्याची नोंद ठेवायची असं नियमात आहे, पण जिंकलेली बोली वारंवार मोडणाऱ्याची नोंद ठेवा असं कुठं नाही. कंपनीच्या ब्रँडची काळजी आहे, आणि बोली लावणाऱ्या काकांची नाही, असं मला ते वाचताना वाटलं, चुकत असेन तर सांगा. शिवाय घरगुती माणूस, धंदा म्हणून न विकणारा, त्याला हे नियम लागूच नाहीत. तेही मी समजू शकतो, जुनी सायकल विकणाऱ्याच्या मागं सरकार लावू नका. पण आठवड्याला पाच लॉट टाकणारा माणूस घरगुती कसा, हे साइटला दिसत असतं की, कमिशन तर प्रत्येक लॉटवर घेते ती.

२०२१ च्या जूनमध्ये तुमच्या खात्यानं या नियमांच्या दुरुस्तीचा मसुदा काढला होता, त्यात फॉल-बॅक लायबिलिटी म्हणून कल्पना होती, विक्रेत्याच्या हलगर्जीपणामुळं माल पोचला नाही आणि ग्राहकाचं नुकसान झालं तर जबाबदारी मार्केटप्लेसवर, म्हणजे साइटवर. तो मसुदाच राहिला. मोठ्या कंपन्यांना तो जड वाटला असेल, पण निदान लिलावापुरता तरी त्याच्यावरची धूळ झटका. २०२३ मध्ये डार्क पॅटर्नची, म्हणजे साइटवर ग्राहकाला चकवायच्या युक्त्यांबद्दलची, गाइडलाइन आली तिच्यात बेट अँड स्विच आहे, स्वस्तातलं गाजर दाखवून ऐन वेळी माल संपला म्हणायचं आणि महागातलं पुढं करायचं. माझ्या बाबतीत महागातलं म्हणून तीच वस्तू पुढं आली, एवढाच फरक.

बाहेरच्या देशांत काय होतं ते पण बघितलं, रिकामा वेळ आहे. ऑस्ट्रेलियात एकानं ई-बेवर जुनं विरावे जातीचं विमान लावलं, दीड लाख डॉलरची बोली लागली, तोवर त्याला बाहेरनं एक लाख जास्त देणारा भेटला आणि गडी फिरला. २००७ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, विमान बोली जिंकणाऱ्याला दे. जर्मनीत तर एकानं १ युरोपासनं गाडीचा लिलाव लावला, बाहेर ४,२०० ला गिऱ्हाईक मिळाल्यावर मधेच लिलाव बंद केला, तेव्हा बोली १ युरोवरच होती. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टानं बोली लावणाऱ्याच्या बाजूनं निकाल दिला, त्याची मागणी ५,२४९ युरोंच्या भरपाईची होती, म्हणजे गाडीच्या खऱ्या बाजारभावातनं त्याचा १ युरो वजा. हे वाचून मी एकटाच हसलो. पण त्याच कोर्टानं २०११ मध्ये दुसऱ्या विक्रेत्याला सोडलंय, कारण त्याचा कॅमेरा लिलाव चालू असताना चोरीला गेला होता. खरं कारण असेल तर सोडतात. माझ्या माणसाच्या पण खरोखर फुटल्या असत्या तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

मला काय पाहिजे ते सांगतो. बोली लावणाऱ्याकडनं इसार घेता तसा विक्रेत्याकडनं पण तेवढाच घ्यायला लावा, आणि विनाकारण रद्द केलं तर तो जिंकणाऱ्याला द्या, कूपन नको. फुटलं म्हणत असेल तर फुटक्याचा फोटो टाकायला काय होतं? आणि तीच वस्तू काही दिवसांत परत विकायला आली तर जुन्या जिंकणाऱ्याला जुन्या भावात पहिला हक्क. किती जिंकलेल्या बोली याने मोडल्या, हा आकडा त्याच्या नावाशेजारी दिसू दे, मग लोक त्यांचं ते ठरवतील.

ग्राहक आयोगात जा असं तुम्ही म्हणाल. जाऊ शकतो, पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी नाही, राहत्या गावातनं करता येतं, दोन वर्षांची मुदत आहे, सगळं माहीत झालंय आता. पण २२ तबकड्यांसाठी तारखांना किती जण जातील? विक्रेता नेमका याच हिशोबावर निवांत असतो.

सोबत दोन्ही साइटवरचे फोटो जोडतोय, पहिल्या लॉटचे आणि सतरा दिवसांनंतरचे. कुणा साहेबांना वेळ मिळाला तर सातवी तबकडी मोठी करून बघा, उजव्या कडेला, कपची दोन्हीकडे एकच आहे.

आपला,
मिरजेचा एक ग्राहक