पतसंस्थेच्या पावतीवर छापा : 'विमा नाही'

महोदय,

एसटीत एकतीस वर्षं वाहक होतो. निवृत्तीच्या पैशातले दोन लाख पतसंस्थेत ठेवले; व्याज बँकेपेक्षा दीड टक्का जास्त आणि शाखा घरासमोर. कर्जं थकली म्हणून चौदा महिने 'पुढच्या सोमवारी या' एवढंच ऐकतोय.

व्यवस्थापकांना म्हटलं, "पाच लाखांपर्यंत विमा असतो ना?" ते खाली बघायला लागले. मुलीनं चौकशी केली तेव्हा कळलं, ४ फेब्रुवारी २०२० पासून एका लाखाचं पाच लाख झालेलं ते संरक्षण बँकांतल्या ठेवींना आहे. नागरी सहकारी बँका त्यात येतात, पतसंस्था येत नाहीत. त्यांच्यावर देखरेख रिझर्व्ह बँकेची नाही, सहकार खात्याची.

२०१९ मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये मिळत होते. टीव्हीवर त्या रांगा बघून मीच म्हणालो होतो, 'आपली पतसंस्था बरी!' पुढे २०२१ मध्ये कायदा बदलला. अशा बँकेच्या ठेवीदाराला विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळण्याची सोय झाली. आमचे सोमवार मात्र चालूच.

'सहकारी' हा शब्द दोन्ही पाट्यांवर, साध्या माणसाला फरक कसा कळावा? ठेव पावतीवर, व्याजदराइतक्याच मोठ्या अक्षरांत, 'या ठेवीला विमा नाही' असं मराठीत छापणं सहकार खात्यानं सक्तीचं करावं. एसटीच्या तिकिटातसुद्धा अपघात सहायता निधीचा रुपया असतो हो!

— एक निवृत्त वाहक, बार्शी