यंत्रात फुंकण्याआधी

भुसावळ

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज ऐकला आणि मला रात्री झोप लागली नाही. इंजिनावर चढण्याआधी साइन ऑन करायला, म्हणजे ड्यूटीची हजेरी लावायला, ड्रायव्हरांच्या लॉबीत गेलास, दारू तपासायच्या यंत्रात फुंकलंस, आकडा आला, चार जणांनी वळून पाहिलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकलंस तेव्हा शून्य. "आयुष्यात थेंब घेतला नाही बाबा, आणि मला दारुड्यासारखं उभं केलं," म्हणालास.

आधी झालं काय ते सांगतो. आईने पोटासाठी दिलेलं द्राक्षासव तू जेवल्यावर घेतलंस आणि लगेच लॉबी गाठलीस. आसवं, अरिष्टं आंबवूनच करतात. त्यात पाच-दहा टक्के अल्कोहोल आपोआप तयार होतं. ते तुझ्या तोंडात रेंगाळत होतं. तोंडातली वाफ कोणती आणि छातीतून आलेली हवा कोणती, हे यंत्राला नेहमी ओळखता येत नाही. तोंडातलं साधारण पंधरा मिनिटांत निघून जातं, रक्तातलं जात नाही, म्हणून चूळ भरायला लावून थांबवतात. ती पंधरा मिनिटं तुझ्याच बाजूची होती, बाळा. दोन्ही आकडे वेळेसकट तुझ्या वहीत लिहून ठेव. पुन्हा असं झालं आणि आकडा खाली आला नाही, तर रक्ताची तपासणी मागायला लाजू नकोस. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेल्वेच्या तिरुवनंतपुरम विभागाने, यंत्रात असेच आकडे येतात म्हणून, ड्यूटीआधी काही जातींची केळी, शहाळं, थंड पेयं, होमिओपॅथीची औषधं यांवर बंदीचा आदेश काढला होता आणि मग तो मागे घेतला. माणसाच्या ताटावर पहारा ठेवण्यापेक्षा शंका आल्याबरोबर रक्त तपासावं, असं माझं ठाम मत आहे.

पण यंत्रावर रागावू नकोस. का ते सांगतो. हे मी तुझ्या आईलाही कधी बोललो नाही.

१९८८ सालची गोष्ट. मी असिस्टंट ड्रायव्हर होतो, नोकरीला वर्षही झालं नव्हतं. ज्यांच्या हाताखाली काम शिकलो ते ड्रायव्हर, मी त्यांना काका म्हणायचो. त्या रात्री ते इंजिनावर चढले तेव्हाच वास आला. आमच्या लॉबीत तेव्हा यंत्र नव्हतं. तोंड बघून सही घेत. मी गप्प बसलो. काकांच्या दोन मुली लग्नाच्या होत्या, माझी नोकरी नवी होती, आणि थोरल्या माणसाचं तोंड हुंगून साहेबाला सांगायचं कसं? मालगाडी निघाली. दोन वाजता डबल यलो, म्हणजे सावध व्हायचा सिग्नल आला, नियमाप्रमाणे मी तो मोठ्याने पुकारला, त्यांनीही पुकारला. पुढचा यलोही पुकारला. तोंड बोलत होतं, हात हलत नव्हता. लाल दिसला तेव्हा मीच इमर्जन्सी ब्रेक ओढला. गाडी सिग्नलच्या दोन मास्ट, म्हणजे विजेच्या तारांचे दोन खांब, अलीकडे थांबली. कुणाला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्यांच्याबरोबरच गाडीवर गेलो. अजूनही गप्पच.

हुंगायचं की नाही, सांगायचं की नाही, हे ओझं आज तुझ्या अंगावर नाही. ते त्या यंत्राने उचललंय. साहेब असो की नवा पोरगा, फुंकायचं सगळ्यांनी.

तुझ्या सोबत्यांना एक हिशोब मात्र नक्की सांग. रक्तातलं अल्कोहोल तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरतं, तेही १०० मिलिलिटरमागे. रात्री बारा वाजता १२० असेल तर पहाटे पाचच्या कॉलला ४५ उरतं. मोटार चालवणाऱ्यालाही कायद्याने ३० च्या वर चालत नाही, आणि आपल्या मागे तर अख्खी गाडी असते, जी ताशी ११० किलोमीटरच्या वेगात ब्रेक मारल्यावर थांबायला किलोमीटरभर घेते. अंघोळ, लिंबू, काळी कॉफी यांनी त्यातलं काही उतरत नाही. "रात्रीच घेतली होती" म्हणणारे बहुतेक खोटं बोलत नसतात, त्यांचा हिशोब चुकलेला असतो.

आणि यंत्राला दिसतं ते फक्त अल्कोहोल. ४ जानेवारी १९८७ ला अमेरिकेत मेरीलँडमधल्या चेसजवळ तीन मोकळी इंजिनं लाल सिग्नल ओलांडून प्रवासी गाडीच्या वाटेत आली. १६ माणसं गेली. इंजिनावरच्या दोघांनी गांजा ओढला होता आणि धोक्याची शिट्टी ऐकू येऊ नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावलेली होती. ती हकिकत वाचल्यावर मी बराच वेळ काही बोललो नाही. पुढे १९९१ मध्ये तिथे रेल्वे, ट्रक, विमान सगळ्यांसाठी नशेच्या तपासणीचा कायदा झाला. आपल्याकडे विमान कंपन्यांना ३१ जानेवारी २०२२ पासून दरवर्षी निदान दहा टक्के लोकांची अचानक तपासणी करावी लागते, गांजापासून झोपेच्या गोळ्यांपर्यंत. तशी तपासणी इंजिनावरच्या माणसांचीही व्हावी असं मला मनापासून वाटतं.

तोवर सर्दीच्या गोळीने येणारी गुंगी कुठल्याच फुंकरीत दिसणार नाही. डॉक्टरांकडे जाशील तेव्हा बसण्याआधीच सांग, मी इंजिन चालवतो. गुंगीचं औषध घ्यावं लागलं तर ड्यूटी नको म्हणून सांग. मायलेजचा भत्ता बुडेल, बुडू दे. पैसे मी पाठवीन.

आईला फार लागलं आहे. माझ्यामुळे पोराला खाली बघायला लागलं, म्हणत होती. तिला आज फोन कर. द्राक्षासव सुट्टीत घरी घे. पोटासाठी तिने ओवा भाजून डब्यात भरलाय, उद्याच्या पार्सलने येईल.

तुझे बाबा