बाबा, त्या मावशींना आत येऊ द्या

कोल्हापूर,
१२ जून २०२५

प्रिय आई आणि बाबा,
सप्रेम नमस्कार.

काल दादाशी बोलणं झालं. बाबा विहिरीजवळ पाय घसरून पडले, हे त्याच्याकडून कळलं. आई, परवाच आपण फोनवर किती वेळ बोललो. तू पावसाचं सांगितलंस, चाफ्याचा भाव सांगितलास, आणि हे तेवढं गिळून टाकलंस. मी रागावले नाही. लेक लांब आहे, तिला घोर नको, असं तुला वाटलं असणार. पण मी नर्स आहे गं. लपवलेल्या दुखण्याचाच मला जास्त घोर लागतो.

दादाने तुमच्या मदतीला दिवसभरासाठी ठरवलेल्या मावशींना बाबांनी फाटकावरूनच परत पाठवलं, हेही कळलं. गेल्या महिन्यापासून पेपरात कोविडचे आकडे पुन्हा यायला लागलेत, म्हणून. "तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो म्हणून वाचलो, आता बाहेरचं माणूस कशाला?" असं बाबा म्हणाले म्हणे.

बाबा, तुमच्या बोलण्यात खरं आहे. किती खरं आहे ते माझ्याइतकं कमी जणांना माहीत असेल, कारण एका छताखाली, एका पंगतीत जेवणाऱ्या बायकांमध्ये मी अर्धं आयुष्य काढलं. आम्हा व्रतस्थ धर्मभगिनींवर कोविडच्या त्या दोन वर्षांत काय गुदरलं, हे मी तुम्हाला नीट कधी सांगितलं नाही. आज सगळं लिहिते. वाचून झाल्यावर त्या मावशींचं ठरवा.

तुम्हाला २०२० चा जानेवारी आठवत असेल. उस्मानाबादला फादर दिब्रिटो ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा तुम्ही टीव्हीसमोरून हलला नव्हता. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांतच चर्चची दारं बंद झाली आणि आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही रविवारची मिस्सा मोबाइलवर पाहिलीत. आमच्या संघाचं मूळ घर इटलीत आहे, त्यामुळे आमच्याकडे हे संकट आधीच येऊन पोहोचलं होतं. ९ मार्चला अख्खी इटली बंद झाली. तिथल्या भगिनी रोज संध्याकाळी सगळ्या देशांतल्या घरांना निरोप पाठवायच्या: आज अमकीला ताप आला, आज तमकीला दवाखान्यात नेलं, आज हिच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा. इथे कोल्हापुरात रात्रीच्या जेवणाआधी आमच्यातली कोणीतरी ते मोठ्याने वाचायची. मग बराच वेळ कोणी ताटाला हात लावत नसे.

नुसत्या बेर्गामो धर्मप्रांतात त्या मार्चमध्ये वीसहून जास्त धर्मगुरू गेले. पार्मा शहरात झेवेरियन मिशनऱ्यांचं मातृगृह आहे. काँगो, ब्राझील, बांगलादेश अशा ठिकाणी हा संघ काम करतो, आणि म्हातारपणी त्यातले पुष्कळ जण तिथे परततात. काही आठवड्यांत त्या एका घरातून डझनाहून अधिक वृद्ध गेले. रोमजवळ ग्रोट्टाफेरात्यात संत कमिलसच्या कन्यांच्या मठात पन्नासहून अधिक भगिनींना लागण झाली. त्यांच्या संस्थापिका जुझेप्पिना वान्निनी यांना ऑक्टोबर २०१९ मध्ये, आपल्या केरळच्या मरियम थ्रेसियांसोबत एकाच दिवशी संतपद मिळालं होतं. या भगिनी दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या नेहमीच्या तीन व्रतांबरोबर चौथं व्रत घेतात: जीवावर बेतलं तरी रुग्णसेवा सोडणार नाही. ते व्रत घेताना आपल्याच मठातल्या शेजारच्या खोलीत रुग्ण असतील, असं कोणाच्या मनात आलं असेल?

अमेरिकेतली बातमी मला सगळ्यात जास्त लागली. मिशिगन राज्यात लिव्होनिया म्हणून गाव आहे. तिथे फेलिशियन भगिनींचा मोठा मठ आहे. हा संघ १८५५ साली पोलंडमध्ये सुरू झाला. १० एप्रिल २०२०, गुड फ्रायडे. त्या दिवशी त्या मठात पहिली भगिनी गेली. तिच्यासह महिन्याभरात बारा जणी गेल्या. सर्वांत लहान ६९ वर्षांची, सर्वांत मोठी ९९ वर्षांची. तेरावी त्यातून बरी झाली असं वाटत होतं, तीही जूनमध्ये गेली. शिक्षिका, ग्रंथपाल, नर्स, ऑर्गन वाजवणारी, व्हॅटिकनच्या कचेरीत काम केलेली, अशा सगळ्या. पन्नास-साठ वर्षं रोज एकत्र स्तोत्रं गायलेल्या बायका एकमेकींच्या अंत्यविधीला जाऊ शकल्या नाहीत. जिवंत होत्या त्या आपापल्या खोलीत कोंडलेल्या. त्याच वर्षी डिसेंबरात विस्कॉन्सिनमधल्या एल्म ग्रोव्हला नोत्र दामच्या शाळा-भगिनींच्या घरात एका आठवड्यात आठ जणी गेल्या.

असं का झालं, ते तुम्ही ओळखलंच असेल. आमच्या घरांमध्ये एकच जेवणघर, एकच चॅपेल. सकाळ-संध्याकाळ बंद खोलीत मोठ्याने गायन. आजारी भगिनींच्या खोल्या एका रांगेत, आणि त्यांना जेवण भरवणारे, कूस बदलणारे हात तेच तेच. त्यात परदेशातल्या घरांमध्ये बहुतेक जणी ऐंशीच्या पुढच्या. ज्या एकत्र राहण्यासाठी आम्ही घर सोडलं, त्यातूनच रोग आत शिरला. बाबा, इथपर्यंत तुमचंच म्हणणं मी तुमच्यापेक्षा जोरात मांडते आहे.

आता फ्रान्समधल्या सिस्टर आंद्रे. आई, ही गोष्ट तुझ्यासाठी. त्यांचा जन्म १९०४ चा. आधी नोकरी, मग चाळिशीत व्रत घेऊन डॉटर्स ऑफ चॅरिटी संघात. स्वतः म्हाताऱ्या होईपर्यंत त्यांनी दुसऱ्या म्हाताऱ्यांची सेवा केली. पुढे डोळे गेले, चाकाची खुर्ची आली, आणि त्या तूलाँ शहरातल्या वृद्धाश्रमात राहू लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या ८८ पैकी ८१ जणांना कोविड झाला. दहाच्या आसपास माणसं गेली. सिस्टर आंद्रेंनाही लागण झाली, पण त्यांना काही त्रासच झाला नाही. फेब्रुवारीत त्यांनी ११७वा वाढदिवस साजरा केला! रोज थोडी वाइन घ्यायच्या, चॉकलेट आवडायचं. ११८ वर्षं पुरी करून २०२३ च्या जानेवारीत गेल्या. आंधळ्या, चालता न येणाऱ्या बाईला इतकी वर्षं कोणीतरी रोज उठवत होतं, आंघोळ घालत होतं, ग्लास हातात देत होतं. मला त्या हातांचं फार अप्रूप वाटतं.

केनियातही आमची घरं आहेत. तिथे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, त्या पुरत्या उघडल्या थेट जानेवारी २०२१ मध्ये. मार्च २०२१ मध्ये तिथे पहिल्या लशी उतरल्या, त्या आपल्या पुण्याच्या सीरमच्या. आमच्या भगिनीने फोन करून सांगितलं तेव्हा मला किती अभिमान वाटला! पण लगेच आपल्याकडे दुसरी लाट आली, भारताने लशी बाहेर पाठवणं थांबवलं आणि तिकडची माणसं दुसऱ्या डोसची वाट पाहत बसली. त्या भगिनीने मला एका शब्दाने बोल लावला नाही. उलट रोज विचारायची, "तुमच्याकडे ऑक्सिजन मिळाला का?"

आपल्या देशात मार्च २०२० मध्येच कॅथलिक हेल्थ असोसिएशनने सरकारला कळवलं होतं की आमची हजारावर रुग्णालयं आणि ६० हजार खाटा तुमच्या हाती देतो. ही संस्था १९४३ साली सुरू केली ती मेरी ग्लॉरी या ऑस्ट्रेलियन डॉक्टर भगिनीने, गुंटूरमध्ये बायाबापड्यांवर उपचार करता करता. आणि दुसऱ्या लाटेत भारतातले शेकडो धर्मगुरू आणि भगिनी गेल्या. शववाहिका न मिळालेली खेड्यातली कितीतरी घरं त्या हिशेबात नाहीत.

कोल्हापूरला ती लाट उशिरा आली आणि जाता जाईना. जून २०२१ मध्ये मुंबई-पुणे हळूहळू उघडत होतं, तेव्हा इथे निर्बंध कायम होते. सीपीआर हा इथला सरकारी दवाखाना भरून वाहत होता. आम्ही सकाळी वस्तीत जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजायचो, दुपारी गोळ्या पोचवायचो. लोक आधी दाराआडून बोलायचे. मग आमच्याच घरात आजार शिरला. आमच्या मोठ्या सिस्टर, मंगळूरच्या, त्यांचा ऑक्सिजन उतरला. खाट मिळेना, म्हणून भाड्याने यंत्र आणून त्यांच्या खोलीत लावलं आणि मी त्यांच्याजवळ राहिले. तेव्हा तुम्हाला फोनवर "घसा बसलाय" एवढंच सांगायचे. त्या दिवसांत फाटकाला रोज पिशवी लटकवलेली असायची. भाकरी, पिठलं, कधी मुगाची खिचडी. पलीकडच्या गल्लीतली एक आजी रस्त्यावरून ओरडायची, "सिस्टर, काय बी लागलं तर हाक मारा की!" हिची सून आठवड्यापूर्वीच सीपीआरमधून घरी आली होती.

कोल्हापूरची एक रीत तुम्हाला माहीत नसेल. इथे महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही, आणि होळीला लोक पंचगंगेच्या स्मशानासाठी शेणी दान करतात. ही रीत कोविडच्या आधीपासूनची. त्या उन्हाळ्यात तिचं मोल कळलं. ज्यांचे नातेवाईक पुढे यायला धजत नव्हते, अशा कितीतरी देहांना इथल्या मुस्लिम तरुणांनी ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे निरोप दिला.

आणि हे निवतंय तोच जुलैत पूर आला. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी तिच्या कितीतरी वर गेलं. व्हीनस कॉर्नरला नाव चालत होती. नदीकाठची कुटुंबं शाळांमध्ये आणून ठेवली. एका वर्गात पाच-सहा घरं. कुठलं अंतर आणि कुठलं काय. आम्ही मास्क वाटले, खिडक्या उघड्या ठेवल्या, खोकणाऱ्याला वेगळं बसवलं आणि सगळ्यांसोबत तिथेच राहिलो. कारण पाण्यात एकटं राहायची सोयच नव्हती.

येत्या २१ तारखेला संत अलॉयसियस गोन्झागांचा सण आहे. १५९१ मध्ये रोममध्ये साथ आली, तेव्हा या जेझुइट तरुणाने रस्त्यावरच्या रोग्याला उचलून दवाखान्यात नेलं आणि त्यातच २३व्या वर्षी तो गेला. कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला हे शिकवलं होतं. पुढे नर्सिंगला आल्यावर सावित्रीबाई कळल्या. १८९७ मध्ये मुंढव्याहून प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन त्या हडपसरच्या दवाखान्यात आल्या आणि १० मार्चला त्याच रोगाने गेल्या. तो मुलगा वाचला. ही दोन माणसं माझ्या मनात कायम शेजारी उभी असतात. दोघांनाही घरात बसून राहता आलं असतं.

तुम्ही असं काही करावं, असं मी म्हणत नाही. मी त्या पाठीवर बसलेल्या मुलाबद्दल बोलते आहे. कोणीतरी उचलत असेल, तर उचलू द्यावं लागतं. आमच्या मोठ्या सिस्टरना हे फार जड गेलं. ऑक्सिजनची नळी त्यांनी सहन केली, पण मी आंघोळ घालायला लागले की तोंड भिंतीकडे करायच्या. बरं वाटायला लागल्यावर एक दिवस म्हणाल्या, "आयुष्यभर दुसऱ्यांची न्हाणी केली, आता स्वतःची करून घ्यायची. हे माझं दुसरं नोव्हिशिएट, व्रताआधीची उमेदवारी." त्या अजून इथेच आहेत. काठी घेऊन चॅपेलला येतात.

साथ ओसरल्यावर इटलीतल्या आमच्या घराने काय केलं, ठाऊक आहे? खुर्च्या लांब लांब मांडल्या, खिडक्या उघडल्या, आणि पुन्हा एका खोलीत जेवायला बसल्या. गेलेल्यांच्या जागा रिकाम्या दिसत होत्या, तरीही. रोगाचं भय कोणापेक्षा कमी नव्हतं. पण आपापल्या खोलीत ताट नेऊन जेवायचं, हे कोणालाच नको होतं.

बाबा, २०२० मध्ये तुम्ही दोघं एकटे राहिलात ते बरोबरच होतं. तेव्हा लस नव्हती, औषध ठाऊक नव्हतं. आता तुम्ही लस घेतलेली आहे, आणि पाच वर्षांत तुमचं वयही पाच वर्षांनी वाढलं आहे. आज तुम्हाला कोविडपेक्षा विहिरीजवळच्या शेवाळाचा धोका मोठा आहे. आईला तुम्हाला एकटीने उठवता येत नाही. ती मला हे सांगणार नाही, तुम्हालाही नाही, म्हणून मी सांगते.

मावशींना सकाळी आठ ते संध्याकाळी पाच येऊ दे. आल्या की आधी हात धुतील, सर्दी-खोकला असेल त्या दिवशी येणार नाहीत, हे दादाने बोलून घेतलं आहे. पहिले काही दिवस तुम्हाला त्यांचा वावर खटकेल. खटकू दे. तुमची बिलं, वाडीचा हिशेब, मिस्साला जाणं, सगळं तुमच्याच हातात राहील. आई, दुपारी तासभर आडवी हो आणि त्यांना भांडी घासू दे, मागून परत घासू नकोस.

दादा रविवारी मिस्सानंतर त्यांना घेऊन येईल. फाटक उघडं ठेवा. सोमवारी रात्री मी फोन करीन, तेव्हा आधी मावशींशी बोलेन आणि मग तुमच्याशी. मोठ्या सिस्टर वसईच्या सुकेळ्यांची आठवण काढत होत्या. दादाकडे अर्धा किलो देऊन ठेवा, पुढच्या महिन्यात पुण्याला आमची बैठक आहे, तिथे तो आणून देईल.

तुमची लेक