सेन्सर बसवले, पण सेटिंग कोण करणार?

संपादक साहेब, नमस्कार.

नाशिकमध्ये सध्या कॉलेज-युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसमध्ये सेन्सरचे लाइट (माणूस आला की लागणारे, गेला की बंद होणारे) लावायचं बरंच चाललंय. चांगलीच गोष्ट आहे, वीज वाचलीच पाहिजे, पण माझी सगळी नोकरी सातपूर एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये गेली म्हणून जरा स्पष्टच लिहितो, हे सेन्सर नुसते बसवले जातात, सेट कुणीच करत नाही.

माझी भाची शिकते त्या कॅम्पसच्या अभ्यासिकेत (नाव लिहीत नाही, उगाच तिला त्रास) पोरं वाचत बसली की लाइट जातात. हा पीआयआर सेन्सर माणूस बघत नाही, अंगाची उष्णता इकडची तिकडे सरकली तरच त्याला कळतं, आणि वाचणारं पोरगं हलतंय कशाला. मग कुणीतरी उठतं आणि गरबा खेळल्यासारखे हात हलवतं. शेवटी तिथल्या वायरमननं वैतागून सेन्सर डायरेक्ट केला, म्हणजे सेन्सर वगळून वायर सरळ जोडली, आता लाइट रात्रंदिवस चालू. त्याचं तरी काय चुकलं? बऱ्याच सेन्सरवर टाइम (हालचाल थांबल्यावर लाइट किती वेळ चालू ठेवायचा), लक्स (किती अंधार झाला की लावायचा) आणि सेन्स (किती बारीक हालचाल टिपायची) अशी तीन बारीक बटणं असतात, ती फिरवायची असतात हे त्याला कुणी दाखवलंच नाही. अभ्यासिकेत टाइम पंधरा-वीस मिनिटं हवा, पॅसेजमध्ये दोन-तीन मिनिटं पुरे. जुन्या ट्यूब सारख्या चालू-बंद केल्या की लवकर जायच्या, एलईडीचं तसं नाही, त्यामुळे पॅसेजमध्ये घाबरायचं कारण नाही.

आणि सगळे लाइटच्या मागे लागलेत, पंख्यांचं काय? एका वर्गात २० वॅटच्या १२ एलईडी ट्यूब धरा, झाले २४० वॅट. साधे ७५ वॅटचे ८ पंखे धरा, झाले ६००. म्हणजे लाइटच्या अडीच पट वीज पंखे खातात आणि सेन्सर मात्र फक्त लाइटवर! रिकामा वर्ग दिवसाला ४ तास चालू राहिला तर ३.३६ युनिट, असे ५० वर्ग असले तर १६८ युनिट, वर्षात २०० दिवस कॉलेज भरलं तर ३३,६०० युनिट, युनिटला १० रुपये धरले तरी ३ लाख ३६ हजार रुपये. एका युनिटला अर्धा-पाऊण किलो कोळसा लागतो, आपल्या एकलहऱ्याच्या वीज केंद्राला तो रेल्वेनं येतो, बाकी हिशोब वाचकांनी करावा.

वर्गात माझं मत असं की चालू करायला हातानं बटण दाबू द्यावं आणि बंद मात्र सेन्सरनं करावं. नाहीतर शिपाई खुर्च्या लावायला आत गेला तरी भर उन्हात सगळ्या ट्यूब लागतात. खिडकीजवळची रांग दिवसा बंद राहावी म्हणून लक्सचं सेटिंग असतं, पण आपल्याकडे कितीतरी वर्गांत एका बटणावर खिडकीपासून भिंतीपर्यंतची आडवी रांग असते, मग एकटी खिडकीकडची ट्यूब बंद कशी होणार? आधी वायरिंग खिडकीला समांतर करा, मग सेन्सर आणा. हे काम खर्चिक आहे, मान्य, पण नवीन बिल्डिंगमध्ये तरी करा ना.

संडासात पीआयआरला दरवाज्याआडचा माणूस दिसत नाही, तिथे वेगळ्या जातीचा सेन्सर लागतो किंवा टाइम भरपूर वाढवावा लागतो. वर्कशॉपमध्ये लेथ चालू असताना अचानक अंधार झाला तर पोराची बोटं जातील, तिथे ऑटोमॅटिक बंद नकोच म्हणजे नकोच. अजून एक, एका छोट्या सेन्सरवर खूप एलईडी टाकले की चालू होतानाच्या झटक्यानं आतली रिले (लाइट चालू-बंद करणारा छोटा स्विच) चिकटते आणि लाइट कायमचे चालू राहतात. मध्ये काँटॅक्टर, म्हणजे जास्त लोड झेलणारा मोठा स्विच, टाकायला पाहिजे, पण त्याचे पैसे टेंडरमध्ये नसतात.

रस्त्यावरच्या दिव्यांची तर गंमतच. टायमर सहाला लावला की बारा महिने सहाच. नाशिकला डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या आधीच मावळतो, जूनच्या शेवटी सव्वासातला, म्हणजे उन्हाळ्यात तास-सव्वा तास दिवे उन्हात जळतात. त्यात बॅटरी नसलेला टायमर असला की लाइट गेली तेवढा तो मागे पडतो. अक्षांश-रेखांश टाकले की रोजचा सूर्यास्त स्वतः काढणारे टायमर मिळतात, ते लावा. आणि गर्ल्स हॉस्टेलच्या रस्त्यावर बचतीच्या नावाखाली दिवे बंद करू नका, मध्यरात्रीनंतर हवं तर उजेड अर्धा करा.

माझी मागणी एवढीच आहे. टेंडरमध्ये बसवण्याइतकंच सेटिंगलाही महत्त्व द्या, एक सेमिस्टर झाल्यावर ठेकेदाराला शिडी घेऊन परत बोलवा, प्रत्येक सेन्सर तपासून घ्या, डायरेक्ट केलेले किती सापडले ते लिहून घ्या आणि तोपर्यंत त्याचे शेवटचे पैसे सोडू नका. तिथला वायरमन सोबत उभा पाहिजे, कारण पुढची दहा वर्षं ती तीन बटणं त्यालाच फिरवायची आहेत.

आपला,
एक निवृत्त मेंटेनन्सवाला, इंदिरानगर, नाशिक