खोकल्याचं खरं सांग

वडगाव, बेळगाव

चि. नीलूस अनेक आशीर्वाद.

काल "आई, डॉक्टर मी आहे की तू?" म्हणत फोन ठेवलास. डॉक्टर तूच गं. पण क्षयाच्या वॉर्डात ड्युटी लागल्याचं मला काकूकडून कळावं? आणि तो खोकला?

सातवीत तू आनंदीबाई जोशींवर बोलली होतीस, आज्जीचं लुगडं नेसून. दहा दिवसांचं बाळ गेलं म्हणून डॉक्टर व्हायचं ठरवलं, १८८३ साली बोटीनं अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाची पदवी घेतली. आपल्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानानं इस्पितळात नेमणूकही दिली. हे सांगताना काय आवाज लागला होता तुझा! पुढचं मात्र भरभर उरकलंस. ती नोकरी त्यांना करताच आली नाही. क्षयानं पोखरल्या होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, बावीसही पुरी नव्हती. काल रात्रभर मला तेच आठवत होतं.

संध्याकाळी कणकण येते का? वजन उतरलंय का? वॉर्डाच्या खिडक्या तरी उघड्या ठेवतात ना? एन-९५ मास्क बोलताना खाली ओढू नकोस. बघ, लागले शिकवायला. रागावू नकोस.

बाबा हुबळीच्या बसमध्ये कित्तूर आलं की राणी चेन्नम्मा सुरू करतात. १८२४, इंग्रज कंपनीशी लढाई, त्यांचा थॅकरे साहेब पडला. शेवट बैलहोंगलच्या कैदेत झाला, तेही अभिमानानंच सांगतात. मला मात्र रखमाबाई हव्यात. लहानपणी लावलेलं लग्न नाकारलं, तुरुंग पत्करीन म्हणाल्या, लंडनला शिकून आल्या आणि सुरत, राजकोटला वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले. १९५५ साली गेल्या तेव्हा नव्वदी गाठली होती. तेवढं जग बाळ. तेवढी माणसं बरी कर.

गदगकडच्या म्हाताऱ्या तुला 'अव्वा' म्हणतात, तू त्यांच्याशी तडतड कन्नड बोलतेस, हे मी गल्लीभर सांगून झालंय. वॉर्ड सोडून ये असं मी म्हणणार नाही. पण थुंकी तपासून घे, एक्स-रे काढ.

रविवारी बाबा येतायत, शेंगदाण्याची चटणी आणि कुंदा पाठवते. रिपोर्टचा फोटो माझ्या मोबाईलवर टाक, त्यांच्या नको. ते बोलत नाहीत, पण काल जेवले नाहीत.

तुझी,
आई