एक्स्क्लुझिव्ह गेमचा पैसा नेमका कशावर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एकाच कन्सोलसाठी (गेम खेळायच्या यंत्रासाठी) निघालेल्या, म्हणजे एक्स्क्लुझिव्ह, गेमवर अमुक कोटी डॉलर खर्च झाले, एवढीच बातमी सहसा येते. तो पैसा गेम घडवायला लागला की होणारच असलेला गेम दुसऱ्या कन्सोलवर जाऊ नये म्हणून मोजला, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

कंपन्यांचा हिशेब समजण्यासारखा आहे. नुसते यंत्र विकून फारसे सुटत नाही, कधी कधी ते तोट्यातही विकतात. कमाई होते ती नंतर, इतर प्रकाशकांच्या डिजिटल विक्रीतला साधारण ३० टक्के वाटा आणि वर्गण्या यांतून. म्हणून एक्स्क्लुझिव्ह गेमने स्वतःचा खर्च काढला नाही तरी चालते. त्याच्यापायी कन्सोल घेतलेला माणूस पुढे कित्येक वर्षे त्याच कंपनीच्या स्टोअरमधून खरेदी करत राहतो.

पण आता आकडे हाताबाहेर गेले आहेत. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या खटल्यात प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीच्या कागदपत्रांतले आकडे झाकूनही वाचता आले. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ला सुमारे २२ कोटी डॉलर लागले होते आणि ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ला २१.२ कोटी. एवढा पैसा एकाच यंत्राच्या गिऱ्हाइकांकडून वसूल करणे अवघड. दोन्ही गेम पुढे पीसीवर आले, यात नवल नाही.

निन्टेंडोने पैसा घातला म्हणूनच ‘बेयोनेटा २’ २०१४ मध्ये वी यू या त्यांच्या कन्सोलवर निघू शकला. इतर कन्सोलवर खेळणारे तेव्हा चिडले, पण तो पैसा नसता तर गेमच नसता. याउलट ‘राइज ऑफ द टूम रेडर’. आधीचा भाग मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर आणि प्लेस्टेशनवर, दोन्हीकडे होता. हा मात्र मायक्रोसॉफ्टशी झालेल्या करारामुळे २०१५ मध्ये आधी एक्सबॉक्सवर आला आणि प्लेस्टेशनवाल्यांना जवळपास वर्षभर थांबावे लागले. त्या थांबण्यातून खेळणाऱ्याच्या पदरात काय पडले? पहिल्या प्रकारच्या खर्चाला माझा पूर्ण पाठिंबा आहे, दुसऱ्याला अजिबात नाही.

कन्सोल कंपन्यांनी हा पैसा आटोपशीर, धाडसी गेमकडे वळवावा. ‘हाय-फाय रश’ तसाच होता आणि २०२३ मध्ये तो भरपूर नावाजला गेला. तरीही मायक्रोसॉफ्टने पुढच्याच वर्षी तो घडवणारा टँगो गेमवर्क्स स्टुडिओ बंद करण्याचे जाहीर केले. त्याला सावरायला क्राफ्टन ही बाहेरची कंपनी यावी लागली, याचा मला अजूनही राग येतो.

आपला,
एक वाचक